मधलं गाव

"प्रदक्षिणा घालतात ती मधल्या देवाला. इथं मधे कोण आहे?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

विचारलं ते अगदी सहज. जेवणं उरकली होती तरी जूनचा उजेड मावळायचं नाव घेत नव्हता. ताटं पुसायचा पंचा खांद्यावर टाकून त्या सुनेच्या मागे उभ्या होत्या आणि लॅपटॉपवरचा नकाशा बघत होत्या. नागपूरहून इथे डब्लिनजवळ स्वोर्ड्सला लेकाकडे येऊन त्यांना महिना होत आला होता. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे महिनाभरात त्यांनी आयर्लंडपेक्षा विमानांची पोटंच जास्त पाहिली होती. येत्या जोडसुट्टीत त्यांना देश दाखवायचा असं ठरलं आणि बेत आखायचं काम नेहमीप्रमाणे अनुयाकडे आलं. तिने आखलेला बेत आता निळ्या रेघेत समोर होता. घरून निघून आडवं पश्चिमेला गॉलवे, तिथून समुद्राच्या कडेने खाली मोहरचे कडे, मग लिमरिक, किलार्नी. येताना कॉर्क आणि वॉटरफर्ड करत पूर्वेच्या अंगाने वर, परत दारात. प्रमोदिनीबाईंचं ओलसर बोट त्या रेघेवरून फिरत फिरत पुन्हा स्वोर्ड्सला येऊन टेकलं. "आणि तीसुद्धा उलटी," त्या म्हणाल्या. "देव उजव्या हाताला पाहिजे. तू तर त्याला डाव्या हाताला ठेवून राहिली."

"मधे काही नाही, आई," अनुया म्हणाली. "शेतं आहेत. गायी."

"बरं बाप्पा. गायी तर गायी. त्याही देवच," असं म्हणून त्या सिंककडे वळल्या.

अनुया मात्र हलली नाही. झाकून ठेवलेल्या भांड्यावरचं ताट कोणी जाता जाता उचलून बघावं, तसं झालं तिला. आत काय आहे ते बघणाऱ्याला दिसलं नव्हतं, पण ताट हललं होतं. मित्रमंडळीत अनुयाचा बेत म्हणजे बेत असा लौकिक होता. कुठे गाडी लावायची, कुठल्या गावात मैदा आणि चीज सोडून शाकाहारी माणसाला काही मिळतं, कुठल्या वळणावर उतरलं की फोटोत इतर माणसं येत नाहीत, सगळं तिच्या तक्त्यात असायचं. अनुयाबरोबर सुट्टीला गेलं की परत आल्यावर वेगळी सुट्टी काढावी लागते, अशी थट्टाही व्हायची आणि ती तिला आवडायची. एका दिवसात सात ठिकाणं बसवणारी बाई ती. यंदाही तिने तक्ता केला होता, पण आधी उत्तर ठरवून मग गणित मांडावं तसा. दक्षिणेला जायचा सरळ रस्ता एकच, मोटरवे, आणि तो पोर्टलीशच्या उंबऱ्यावरून जातो. ते गाव सोडून जायचं, एवढीच तिची अट होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. नकाशाला तर ती पटतच नव्हती. तिने रेघ माउसने धरून बाजूला ओढली की तो करड्या अक्षरांत सांगायचा, अमुक रस्त्याने गेलात तर लवकर पोचाल. ती पुन्हा ओढायची. मग जाताना वाकडं जायला कारण हवं म्हणून नदीकाठचा एक जुना मठ तिने वाटेत घातला, आणि येताना वाकडं यायला वॉटरफर्डची काच. काचेच्या फुलदाण्यांचं सासूबाईंना काय कौतुक असणार होतं, देव जाणे. आठवडाभर ओढून ओढून शेवटी रेघ मनासारखी झाली, तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि ज्या बाईला नकाशात डब्लिन कुठे हेही धड सापडत नव्हतं तिने एका नजरेत मधल्या जागेवर बोट ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरलाही किलार्नीचाच बेत होता. ती आणि संकेत, दोघंच. म्हणजे खरं तर तिघं. तिसरा महिना नुकता लागला होता. धीर धरवला नाही म्हणून दोघांच्या घरी व्हिडिओवर सांगून झालं होतं, आणि नागपुरात प्रमोदिनीबाईंनी कॉलनीभर पेढे वाटले होते. सकाळी निघाले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी गॉर्सची झुडपं फुलली होती आणि संकेत गाणं म्हणत होता, बेसूर. किलडेअर मागे पडलं तसं तिच्या कमरेतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिला वाटलं, सीटमुळे. मग पुन्हा झालं. तेव्हा तिने गाडी थांबव म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणाली नाही. का, तर पहिला थांबा पुढे होता. आत्ता थांबलं तर सगळंच पुढे सरकलं असतं, जेवणाची बुक केलेली वेळ चुकली असती, तलावावरची बोट चुकली असती. मांडीवरच्या फोनमध्ये तक्ता उघडा होता आणि ती दात आवळून त्याच्याकडे बघत बसली होती. हे तिने नंतर कोणाला सांगितलं नाही. संकेतने तिच्या चेहऱ्याकडे वळून पाहिलं, गाणं मधेच थांबवलं आणि पुढच्या फाट्याला गाडी आत घेतली. ते गाव पोर्टलीश. गावाला हॉस्पिटल होतं म्हणून बरं, असं सगळे नंतर म्हणाले.

तिथली माणसं चांगली होती. हेच तिला जास्त आठवायचं आणि याचंच तिला जास्त रडू यायचं. पांढऱ्या केसांची एक नर्स तिचा हात सोडत नव्हती. रस्त्याने काही होत नाही गं पोरी, तू काही केलेलं नाहीस, असं तिने आपल्या घोळदार इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि अनुया मान डोलावत राहिली, कारण तक्त्याचं त्या बाईला कुठे माहीत होतं. सगळं संपल्यावर नर्सने ट्रेमध्ये चहा आणला, आणि लोणी लावलेला टोस्ट. अनुयाला भूक लागली होती. असल्या वेळी भूक लागते याची तिला इतकी लाज वाटली की पहिला घास तिने मान फिरवून खाल्ला. चहा कडक होता, लोणी खारट होतं, आणि इतका चांगला टोस्ट तिने जन्मात खाल्ला नव्हता. दुसरा तुकडा तिने संकेतपुढे केला. तो किलार्नीचं बुकिंग रद्द करून नुकताच आत आला होता. त्याने तो खाल्ला, पलंगाच्या कडेवर बसून, चुरा चादरीवर पडू नये म्हणून तळहात हनुवटीखाली धरून. त्यानंतर दोघं घरी आले आणि पोर्टलीशचं नाव घरात कोणी काढलं नाही. नागपूरहूनही नाही. प्रमोदिनीबाईंनी फोनवर तब्येत विचारली, स्वतःला जप म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा बंद केला. महिनाभर एका छताखाली राहून सासूने "मग, काही विचार?" असं एकदाही विचारू नये, ही साधी गोष्ट नव्हती. अनुयाच्या मैत्रिणींनी ऐकलं तर अशाच सासूसाठी नवस बोलतील.

आणि आता पुन्हा. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या खिडकीतल्या उजेडात तिने ती पट्टी धरली, दोन रेघा पाहिल्या, पट्टी कागदात गुंडाळून कचऱ्यात तळाशी घातली आणि खाली येऊन पोहे खाल्ले. संकेतला सांगितलं नाही. दिवसभर संगणकाच्या चुका शोधायचं काम करणारी बाई ती. एका गोष्टीने दुसरी बिघडते हे सिद्ध केल्याशिवाय मानायचं नाही, याचाच तिला पगार मिळतो. पण आतून तिला वाटत होतं की सांगितलं की मोडतं. मागच्या वेळी सांगितलं होतं, पेढे वाटले होते, आणि मोडलं होतं. या वेळी ती एकटीच हे ओंजळीत धरून चालणार होती. सांडलंच तर निदान संकेतला पुन्हा तो तळहात हनुवटीखाली धरावा लागणार नाही. एवढंच तिच्या हातात होतं. सकाळची कॉफी तिने गुपचूप सोडली. प्रमोदिनीबाई दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे दुधाचा कप ठेवू लागल्या, तोही गुपचूप.

कचऱ्याचे डबे रस्त्याशी लावून संकेत आत आला आणि हात धुऊन तिच्या शेजारी बसला. "झालं का फायनल? दाखव." त्याने रेघ डोळ्यांनी चालून पाहिली, गॉलवेपर्यंत मान डोलावली, किलार्नीपर्यंत डोलावली. "आणि येताना वॉटरफर्ड? अनु, हे केवढं लांब पडतं यार. किलार्नीहून सरळ लिमरिक करायचं आणि मोटरवे पकडायचा ना, चहाच्या वेळेला घरी—"

तिथेच तो थांबला. त्याचे डोळे नकाशाच्या मधल्या रिकाम्या जागेवर गेले आहेत हे तिला न बघता कळलं. सिंकमध्ये नळ चालू होता. संकेतने कीबोर्डवरचा नसलेला चुरा बोटाने बाजूला केला.

"ग्रँड," तो म्हणाला. "असंच जाऊ. आईला काच पण बघता येईल."

तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची मायाही. दोन वर्षं हा माणूस तिच्या वाटेतले खडे असेच न बोलता उचलत होता. मित्रांकडच्या बारशाला जायचं नसेल तर याला सर्दी व्हायची. टीव्हीवर नको ते लागलं की याला नेमकी क्रिकेटची आठवण यायची. ती म्हणाली, "भांड ना माझ्याशी. उगाच तीन तास जास्त गाडी चालवायला तयार होऊ नकोस."

"चालवतो की. मला काय."

"संकेत."

मग आईकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "मी जातो त्या रस्त्याने. लिमरिकच्या ऑफिसला जावं लागतं ना मला, तेव्हा. तुला सांगितलं नाही."

महिन्या-दोन महिन्यांनी तो लिमरिकला जातो हे तिला माहीतच होतं. कुठल्या रस्त्याने जातो, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. दुसरा रस्ता धरायला माणूस खुळा लागतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं, तरी तिने स्वतःलाही ते कळू दिलं नव्हतं. "थांबतोस?" तिने विचारलं.

"थांबतो. फाट्याला वळतो, हॉस्पिटलवरून जातो, आत नाही जात. पुढे एक कॅफे आहे साधा. तिथे चहा घेतो." तो किंचित हसला. "टोस्ट घेतो. तिथला पोरगा ओळखतो आता, विचारत पण नाही. मग तुला फोन करतो आणि निघतो."

फोन. तिला ते फोन आठवले. भर कामाच्या वेळी यायचे. "काही नाही गं, असंच केला. जेवलीस का?" मागे कपबशांचा आवाज. असंच काय, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू, असं म्हणून ती ठेवून द्यायची. एकदा तर तिने उचललाच नव्हता आणि संध्याकाळी विचारायलाही विसरली होती. ज्या गावाला ती देशाएवढा वळसा घालत होती, तिथूनच तिला कोणी दोन वर्षं, जेवलीस का, असं विचारत होतं. आपण दोघंही तिथेच राहिलो, तिच्या मनात आलं, ती इकडून तोंड फिरवून आणि तो तिकडे जाऊन टोस्ट खाऊन. फक्त एकाने दुसऱ्याला पत्ता दिला नाही. सांगावं का आत्ता, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"कढई कोणत्या प्रेसमध्ये ठेवू?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात हे त्यांनी आल्या आठवड्यातच उचललं होतं आणि आता नागपूरला परत जाऊनही त्या ते सोडणार नव्हत्या. संकेत उठला. कढई वरच्या कप्प्यात ठेवताना त्या त्याला सांगत होत्या, "उद्या निघताना मला आठवण दे रे. खडा घ्या लागते."

"कसला खडा?" अनुयाने विचारलं.

"तुम्हा पुण्याच्या लोकांत नाही का? तिघं निघाले की काम बिघडते. मग एक खडा घ्यायचा सोबत, चौथा म्हणून. आमच्या घरात तर तो नेहमीचाच. मी, हे आन् संकेत. चिखलदऱ्याला गेलो तर खडा, अमरावतीला लग्नाला गेलो तर खडा. हा लहानपणी मुठीत धरून बसे त्याला, खिडकीतून बाहेर दाखवे. आन् घरी आलं की जिथून उचलला तिथंच ठेवायचा असते. नाही तं चुकते बिचारा."

"आई, आता पुरे," संकेत म्हणाला. पण कान लाल झाले होते त्याचे.

अनुया हसली. असल्या गोष्टींना ती हसतच आली होती. आणि हसता हसता तिच्या डोक्याने नकळत बेरीज केली: ईस्टरला दोघं निघालो होतो, म्हणजे तिघं. खडा घेतला नव्हता. हा विचार किती खुळा आहे हे कळत असूनही तो आत जाऊन बसला, आणि तिथे आधीपासून बसलेल्या तक्त्याशेजारी त्याला जागाही मिळाली. मग तिला दुसरी बेरीज सुचली, या वेळची. तिने माउस हातात घेतला, वॉटरफर्ड पुसलं, मठ पुसला, रेघेला घातलेल्या गाठी एकेक सोडवल्या. सोडल्याबरोबर रेघ ताणलेलं रबर सुटावं तशी सरळ झाली आणि मोटरवेवर जाऊन बसली. मग तिने थांब्यांचा क्रमच उलटा केला. आता मोहरचे कडे येतानाच्या वाटेवर आले, म्हणजे फेरी सुलटी झाली, आणि मधलं गाव पहिल्याच दिवशी रस्त्यात आलं. पहिला थांबा म्हणून तिने लिहिलं: पोर्टलीश, चहा. पुढे वेळ लिहिली नाही.

सकाळी निघायला ठरल्यापेक्षा उशीर झाला आणि अनुयाने कोणाला घाई केली नाही, हे संकेतच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं. पाऊस येतो न येतो असं आभाळ होतं. प्रमोदिनीबाईंनी साडीवर लोकरीचं जाकीट आणि त्यावर संकेतचा जुना रेनकोट घातला होता आणि पायात बूट. आयर्लंडचं हवामान त्यांनी एकदाच काय ते अंगावर घेऊन टाकलं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दशम्या, चिवडा अशी भलीथोरली पिशवी डिकीत मावेना, तेव्हा संकेतने ती मागच्या सीटवर ठेवली. तिघांच्या हातावर दही पडलं. दार लावलं, ओढून पाहिलं. अनुया गाडीपाशी येऊन उभी राहिली. तिच्या ओठांना दह्याची आंबट चव होती. वरून एक विमान चाकं काढून उतरत होतं, इतकं खाली की त्याच्या पोटावरचे खिळे दिसावेत. ते जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं, म्हणून तिघंही आपापल्या जागी थांबली. आवाज विरला तेव्हा प्रमोदिनीबाई फाटकाजवळ वाकल्या होत्या. वाटेवरच्या खडीतून त्यांनी एक करडा, गुळगुळीत खडा निवडला, रेनकोटला पुसला आणि मुठीत घेतला.

"आई," अनुया म्हणाली. "खडा नको."

प्रमोदिनीबाईंनी वर पाहिलं. "काहून?"

"तिघं नाही आपण."

संकेतचा हात डिकीच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला. तो या खड्याबरोबर वाढलेला मुलगा होता, त्याला हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती. तोंड थोडं उघडं ठेवून तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि अनुयाला वाटलं की त्या पलंगाच्या कडेवरून तो आत्ता कुठे उठतोय. तिने मान हलवली. हो. मग सासूबाईंकडे वळून ती घाईघाईने म्हणाली, "तीन महिने व्हायचेत अजून, आई. कोणाला सांगितलं नव्हतं. संकेतलाही नाही. मला भीती वाटते खूप."

प्रमोदिनीबाई तशाच वाकलेल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज मात्र दुधाचा कप पुढे ठेवतानाचाच होता.

"मग मी काही ऐकलंच नाही, बाप्पा," त्या म्हणाल्या. "विमानाचा आवाज किती."

आणि खडा जिथून उचलला होता तिथे त्यांनी तो परत ठेवला, टाकला नाही. बोटाने जरा दाबून नीट बसवला.

संकेत गाडीला वळसा घालून अनुयाजवळ आला. तो म्हणाला, "हळू चालवू?"

"नेहमीसारखी चालव," ती म्हणाली. "दुखलं तर सांगीन. थांब म्हणाले की थांबायचं."

"थांबेन."

"आणि पोर्टलीशला थांबायचंच आहे. त्या पोराला सांग, टोस्ट जास्त लागेल."

संकेतने नाक ओढलं, हसला, आणि तिच्यासाठी दार उघडलं, जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यानंतर कधी केलं नव्हतं. गाडी सुरू झाली. अनुयाने डोक्यावरच्या झडपेतला छोटा आरसा उघडून मागे पाहिलं. प्रमोदिनीबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि काहीच न ऐकलेल्या माणसासारख्या बाहेर बघत होत्या. पुऱ्यांची पिशवी मात्र त्यांनी शेजारून उचलून मांडीवर घेतली होती, आणि शेजारची मोकळी जागा त्या हाताने पुन्हा पुन्हा झटकत होत्या. संकेत म्हणाला, "आई, पिशवी ठेव ना खाली, जड आहे." त्या म्हणाल्या, राहू दे. पोर्टलीश येईपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच होती.